डाव्या कोपऱ्यातली सुरेखा

कुडपणला आमच्या सुरेखाच्या घरातून फोन लागत नाही. रेंज हवी तर वाडीच्या वर सड्यावर, त्या कातळाच्या पठारावर, चढून जावं लागतं. त्यामुळे त्या दिवशी सकाळी सात वाजता तिच्या मुलीचा, प्रणालीचा फोन आला तेव्हा तो उचलायच्या आधीच काहीतरी वाईट घडलंय हे मला कळलं, कारण एवढ्या थंडीत कोणी उगीच सडा चढत नाही. मी पोलादपूरच्या घरी शाळेत निघायच्या गडबडीत होते. एका हातात डब्याचं झाकण, दुसऱ्या हातात फोन. "मावशी, आई गेली," एवढंच प्रणाली म्हणाली. आदल्या दिवशी अंगणवाडीतल्या पोरांची वजनं घेऊन आलेली, व्यवस्थित जेवून झोपलेली बाई सकाळी उठलीच नाही. पन्नाशी नुकती ओलांडली होती तिने. आजारपण नाही, दवाखाना नाही, कोणाला त्रास नाही. सुरेखाचं सगळंच असं झटपट असायचं. मीच मागे राहून रेंगाळणारी.

तिला श्रद्धांजली वाहायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात बसायला जागा उरली नव्हती. तिच्या अंगणवाडीत शिकून आता स्वतः आईबाप झालेली माणसं आली होती. सगळे चांगलं बोलले, आणि खरं तेच बोलले. फक्त आमच्या जुन्या कबड्डी संघाचे एक पदाधिकारी बोलता बोलता म्हणाले, "महाडचा तो एक मोसम सोडला, तर सुरेखाताई मैदानावर कधी कमी पडल्या नाहीत." लोकांनी माना डोलावल्या. त्यांचंही चुकलं नाही. अठ्ठावीस वर्षं सगळा तालुका हेच बोलत आला आहे, की सुरेखा महाडला गेली आणि पडली. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. उठून दोन वाक्यं बोलायला हवी होती, पण मी पदर सारखा करत बसून राहिले. त्या एका मोसमाबद्दल मला जे माहीत आहे ते सांगण्यासाठी हे लिहायला घेतलं आहे. लेख तिच्यावरचा असला तरी यात माझंच उणं जास्त निघणार, हे आधीच सांगून टाकते.

आम्ही दोघी पोलादपूरजवळच्या एकाच वाडीतल्या. भात झोडून झालं की विहारासमोरची जागा मोकळी व्हायची, आणि तिथे राखेने रेघा ओढून आम्ही मुली कबड्डी खेळायचो. आधी सगळे हसले. मग तालुक्याच्या कचेरीत कारकून असलेले सकपाळ सर संध्याकाळी आम्हाला शिकवायला येऊ लागले आणि हसणं हळूहळू बंद झालं. सुरेखा डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि तिच्या उजव्या हाताला मी. कबड्डीत बचाव करणाऱ्या मुली एकमेकींचा हात धरून साखळीने उभ्या राहतात, हे ज्यांनी खेळ पाहिला आहे त्यांना माहीत असेलच. तिचा उजवा हात आणि माझा डावा हात पाच वर्षं एकमेकांत होते. समोरची चढाईवाली पाय टाकायला आली की सुरेखा झेप घेऊन तिचा घोटा धरायची आणि एकदा धरला की सोडायची नाही. तिच्या त्या पकडीचं नाव खेडपासून माणगावपर्यंत झालं होतं. नवख्या मुली तर तिच्या कोपऱ्याकडे फिरकतही नसत.

पण त्या पकडीत अर्धी मी होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. सुरेखाची एक अडचण होती. 'कबड्डी कबड्डी' म्हणत अंगावर येणारीचं तोंड पाहिलं की तिला हसू फुटायचं. "ती डोळे मोठे करून येते आणि मला आपली आमची रेडी आठवते गो," असं ती म्हणायची. म्हणून तिने तोंडाकडे बघायचंच सोडून दिलं, ती फक्त पाय बघायची. पाय कुठे पडतो ते पायावरून कळतं, पण आता तो खरंच पडणार की नुसती हूल आहे, हे डोळ्यांवरून कळतं. आणि दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघण्याची मला लहानपणापासूनची खोड. त्यामुळे मी डोळे बघायचे, आणि वेळ आली की तिची करंगळी दाबायचे. दाबली की सुरेखा सुटली. हे आम्ही कधी बसून ठरवलं नव्हतं, होता होता झालं होतं. सरांनाही आम्ही ते सांगितलं नव्हतं. कोणाला सांगायचं नाही असाही करार नव्हता, पण सांगितलं नव्हतं एवढं खरं.

आमच्या संघाकडे चढाई करणारी धड मुलगी नव्हती. महाडच्या एका मंडळाकडे दोन होत्या, पण त्यांचा डावा कोपरा कच्चा होता. एका संध्याकाळी पोलादपूरच्या स्टँडसमोर चहा आणि वडापाव खाता खाता आमचे सर आणि त्यांचे प्रशिक्षक यांनी अदलाबदल ठरवली. त्यांची ज्योती आमच्याकडे, आमची सुरेखा त्यांच्याकडे. दोन्ही मंडळांनी पत्रं दिली घेतली आणि झालं. सुरेखा खूश होती. महाडचा संघ मोठा, जिल्ह्याची निवड समिती त्यांचे सामने बघायला यायची. जिल्हा संघात नाव लागलं तर खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी मिळू शकत होती आणि तिला पोलिसात जायचं होतं. घरी आरशासमोर भावाची टोपी घालून ती सलाम ठोकून बघायची, ते मी पाहिलं आहे. महाडला तिची आत्या होती, तिच्याकडे ती आठवडाभर राहायला लागली. निघताना तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि म्हणाली, "ज्योतीला जप. आणि माझ्या जागेवर कोणी लंगडी उभी करू नको."

पहिल्याच सामन्यात ती चुकली. मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात... आम्ही वाडीतून टेम्पो करून तिचा खेळ बघायला गेलो होतो. समोरून पाय आला, सुरेखाची नजर बरोबर त्या पायावर होती, आणि तरी ती उठली ती अर्ध्या श्वासाने उशिरा. तोवर पाय माघारी गेलेला आणि हिच्या खांद्याला हात लागलेला. ती बाद होऊन बाहेर जाऊन बसली, आणि बसल्या बसल्याही बिचारी हसत होती. महाडची मंडळी आमच्याकडे बघून म्हणाली, "मोठं नाव म्हणून आणली, आणि ही तर उभ्या उभ्या बघत राहते." टेम्पोत परतीला कोण म्हणे नजर लागली, कोण म्हणे शहराची हवा लागली. महाडला शहर म्हणायचं का, हा वेगळा प्रश्न.

ती रविवारी घरी यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायची. मी तिला स्टँडवर सोडायला जायचे. अशाच एका रविवारी बाकावर बसलो असताना ती म्हणाली, "मंदे, पाय बरोबर दिसतात गो. पण अंग उठतच नाय. काय करू मी?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मला उत्तर माहीत होतं. ती करंगळीची वाट बघत उभी राहत होती आणि शेजारच्या मुलीला त्याचा पत्ता नव्हता. 'शेजारणीला सांग, हात दाब म्हणून,' एवढं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण महिनाभरात महाडच्या संघाशी आमची गाठ पडणार होती, आणि सुरेखाचा कोपरा पुन्हा जागा झाला तर आमचं काय होणार, हेही त्याच वेळी डोक्यात आलं. "सराव कर," मी म्हणाले. "बरं," ती म्हणाली. गाडी लागली, ती चढली, खिडकीतून तिने हात केला. माझ्या मनाला तेव्हा फार लागलंही नाही, हे सांगायला आज लाज वाटते.

गाठ पडली ती उपांत्य सामन्यात. महाडचंच मैदान, निवड समितीचे तिघे खुर्च्यांवर. मध्यंतराला आम्ही सहा गुणांनी मागे होतो. सुरेखा त्या मोसमात चालत नव्हती तरी तिच्या नावाचा दरारा शिल्लक होता, आमची ज्योतीसुद्धा त्या कोपऱ्याला वळसा घालत होती. सरांनी मला बाजूला घेतलं. "तू तिच्या शेजारी खेळलीस. कुठे फोडायची तिला?" मी सांगितलं. एका दमात सांगितलं, करंगळीसकट. त्यांचे डोळे चमकले, आणि खरं सांगते, सरांनी कौतुकाने पाहिलं म्हणून मला आनंदही झाला. दुसऱ्या डावात ज्योती चार वेळा सरळ डाव्या कोपऱ्यात शिरली. चारही वेळा सुरेखा पायाकडे बघत उभी. आम्ही जिंकलो. त्या दिवशी माझ्या हातून दोन पकडी झाल्या आणि समितीचं नेमकं तेव्हाच लक्ष होतं. जिल्हा संघात माझं नाव राखीव म्हणून लागलं, सुरेखाचं कुठेच नाही. त्या प्रमाणपत्रावर मला पुढे खेळाडूंच्या कोट्यातून शिक्षिकेची नोकरी मिळाली. आज मी जिथे आहे ती त्या मध्यंतरातल्या एका वाक्यामुळे.

मोसम संपला आणि ती परत आली. मी तिच्या समोर जायला घाबरत होते, तर हीच आमच्या दारात येऊन उभी. "चल गो मैदानावर, माझा हात गंजला." पुढची दोन वर्षं आम्ही पुन्हा शेजारी खेळलो आणि तिची पकड पहिल्यासारखी बसायला लागली. लोकांना नवल वाटलं. त्यांनी ठरवून टाकलं की हिला मोठ्या संघाची भीती वाटते, आपल्या माणसांतच हिचं चालतं. ती स्वतःही तेच सांगायची, आणि काय रंगवून सांगायची. महाडच्या मैदानावर आपण खांबासारख्या कशा उभ्या होतो याची नक्कल करून ती लग्नाघरं हसवायची. मग तिचं लग्न कुडपणला झालं. पोलिसाची टोपी राहिली ती राहिलीच, ती अंगणवाडी सेविका झाली. वरी, नाचणी, दोन म्हशी, नवरा शांत स्वभावाचा, एक मुलगी. मी सुट्टीत वर जायचे तेव्हा ती मला सगळा सडा हिंडवायची. तिच्या सुखात खोट शोधायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, कारण ती सापडली असती तर माझी शिक्षा तरी ठरली असती. पण बाई खरंच सुखी होती. सकाळी अंगणवाडीत पोरांच्या नाकांशी झगडायचं, दुपारी शेतात जायचं, संध्याकाळी अंगणात बसून आल्यागेल्याची फिरकी घ्यायची, यात तिला काही कमी वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर मी कुडपणला गेले होते. अंगणात आम्ही नाचणीची कणसं झोडत होतो. का कोण जाणे, त्या दिवशी मला ते पुढे ढकलवेना. मी म्हणाले, "सुरे, त्या सामन्यात सरांना आपली खूण मी सांगितली होती." तिने हातातली काठी खाली ठेवली. कणसं चिवडत राहिली... "मला वाटलेलं ज्योतीनं आपसूक वळखलं," ती शेवटी म्हणाली. मग उठली, कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. "सव्वीस वर्षं गप ऱ्हायलीस? सर काय करायला लावायचे चुकल्यावर? पन्नास उठाबशा. चल, काढ." मी म्हणाले, "अगं, माझे गुडघे." "गुडघे तुझे, चूक पण तुझीच. काढ." आणि मी, पोलादपूरच्या शाळेतली ज्येष्ठ शिक्षिका, कुडपणच्या अंगणात कान धरून उठाबशा काढल्या. अकराव्याला खाली बसले ती उठलेच नाही. ती इतकी हसली की तिला पडवीच्या लाकडी मेढीचा आधार घ्यावा लागला.

मग तिने चहा टाकला आणि चहा पिता पिता एक काम सांगितलं. प्रणाली तेव्हा कॉलेजच्या संघात डाव्या कोपऱ्यात खेळायला लागली होती. "उद्या हिला कोण मोठ्या संघानं बोलावलं तर लोक माझं नाव काढून तिला भिववतील. खरं काय झालं ते तिला तूच सांग. मी सांगितलं तर आई सबबी देते असं वाटंल तिला." मी हो म्हणाले. आणि दोन वर्षं सांगितलं नाही. वर्गात मुलांना चूक कबूल करायला शिकवणं सोपं असतं. जी पोर आपल्याला मावशी म्हणून पाया पडते तिच्यासमोर आपण कोण होतो हे सांगायला जीभ रेटत नाही. प्रत्येक भेटीत सुरेखा भुवया उडवून विचारायची, मी नकाराची मान हलवायचे, आणि ती कपाळावर हात मारून घ्यायची.

ती गेल्यावर तीन आठवड्यांनी प्रणाली माझ्याकडे आली. तिला महाडच्या संघाने बोलावलं होतं. तोच संघ, तोच कोपरा. नाही म्हणून कळवते, असं ती म्हणाली. "आईसारखं झालं तर लोक काय म्हणतील? आता आईपण नाय समजवायला." त्या क्षणी मात्र मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, करंगळीपासून माझ्या नोकरीपर्यंत. ती खाली बघून ऐकत होती. शेवटी तिने एवढंच विचारलं, "आईला राग आला होता का?" मी म्हणाले, "उठाबशा काढायला लावल्या." आई गेल्यापासून पोर पहिल्यांदा हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "मावशी, तुम्ही चला माझ्यासोबत महाडला. मला सांगितलं तसं तिकडं पण सांगा."

गेलो. मैदानावर आता मॅट आहे, पण जागा तीच. मुलींना शिकवणाऱ्या बाई पुढे आल्या आणि मी त्यांना ओळखलं. त्या वैशाली. त्या मोसमात सुरेखाच्या शेजारी माझ्या जागी उभ्या राहिलेल्या. मी सगळ्या मुलींसमोर त्यांना सांगितलं, की सुरेखा भ्यायली नव्हती, तिला माझ्या खुणेची सवय होती आणि तुम्हाला ती खूण माहीत नव्हती. वैशालीताई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "खूण होती हे मला माहीत होतं. माझा हात धरून ती कसली तरी वाट बघते, हे मला चार दिवसांत कळलं. मी विचारलं तिला, तुझ्या शेजारची काय करायची ते सांग, मी तसंच करते. तर म्हणाली, ती आमच्या दोघींची खूण हाय, मंदाला विचारल्याशिवाय नाय देणार. रविवारी घरी जाते, तेव्हा विचारते."

त्या पुढे म्हणाल्या, "सोमवारी आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाली तुझी मंदा? तर म्हणाली, सराव कर म्हणाली."

त्यानंतर मी मॅटच्या कडेला बराच वेळ बसून होते. स्टँडवरच्या त्या बाकावर सुरेखा माझ्याकडे बघत का राहिली होती, हे मला अठ्ठावीस वर्षांनी कळलं. पोलिसातली नोकरी हुकली, नाव गेलं, तरी तिने ती खूण कोणाला दिली नाही. मी दिली. आणि कुडपणच्या अंगणात, मी एवढी मोठी कबुली दिली तेव्हाही, हे एक तिने मला सांगितलं नाही. मला अकरा उठाबशांवर सोडून दिलं.

रडून झाल्यावर मी उठले. प्रणालीला डाव्या कोपऱ्यात उभं केलं, तिच्या शेजारी खेळणाऱ्या मुलीला जवळ बोलावलं, तिचा हात हातात घेतला आणि दाखवलं. कधी, कुठे, किती जोरात. पोरगी हुशार आहे, दुसऱ्यांच्या तोंडाकडे बघायची तिलाही खोड आहे. आता दर रविवारी मी सकाळच्या गाडीने महाडला जाते. गेल्या रविवारी सरावात समोरून पाय आला, शेजारणीने हात दाबला आणि प्रणाली सुटली. घोटा धरला तो सोडलाच नाही.

सुरे, खूण दिली गो. तू विचारलंस त्याला फार उशीर झाला, पण दिली.